राऊटर बदलला, वायफाय लागतंय पण आयपी मिळेना: कुठनं सुरुवात करायची, कोणत्या क्रमानं जायचं

नवीन राऊटर बसवला, नेटवाला बदलला, दुकानात नेटच्या वायरी वाटणारा एक स्विच वाढवला, किंवा नुसती लाइट जाऊन आली आणि त्यानंतर मोबाईल "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" (आयपी म्हणजे नेटवर्कमधला मशीनचा पत्ता) यावरच फिरत बसतोय, बिलिंगच्या कॉम्प्युटरवर पिवळं चिन्ह येतंय, प्रिंटर गायब झालाय. असे फोन मला कोल्हापुरात राजारामपुरीपासून गोकुळ शिरगावपर्यंत सगळीकडनं येतात. आणि बहुतेक ठिकाणी मी पोचेपर्यंत मूळ बिघाडावर अजून दोन-तीन बिघाड चढलेले असतात, कुणीतरी राऊटरच्या मागं पिन खुपसून रीसेट मारलेला असतो, कुणी कॉम्प्युटरला हातानं आयपी टाकून ठेवलेला असतो, कुणी स्विचमधल्या वायरी काढून मनाला येईल तशा लावलेल्या असतात. मूळचं काम दहा मिनिटांचं असतं, पण हे बाकीचं निस्तरण्यात दुपार जाते आणि तोवर दुकानाचं काउंटर बंद.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट बदला, तपासा, आणि मगच पुढं जा.

हात लावायच्या आधी: दहा मिनिटं तयारी

जुना राऊटर अजून काढला नसेल तर सगळ्यात आधी ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडून मोबाईलवर फोटो काढून घ्या. कोणत्या पानांचे ते सांगतो: बाहेरच्या नेटचं पान, म्हणजे वॅन, त्यात कनेक्शनचा प्रकार काय आहे, युजरनेम काय, व्हीलॅन आयडी (एकाच लाइनीवरच्या वेगळ्या कप्प्याचा नंबर) टाकलाय का. मग आतल्या नेटवर्कचं पान, म्हणजे लॅन, त्यात राऊटरचा स्वतःचा पत्ता. मग डीएचसीपीचं पान, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटायची सोय, त्यात पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतोय आणि कोणत्या मशीनला पत्ता राखून ठेवलाय. शेवटी वायफायचं नाव, पासवर्ड, सिक्युरिटीचा प्रकार. हे चार-पाच फोटो नसतील तर पुढचं सगळं अंदाजानं करावं लागतं.

दुसरं, प्रत्येक वायरला कागदी टेप लावून लिहा, "बिलिंग", "डीव्हीआर" (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन), "वरचा मजला". वायर काढायच्या आधी लिहायचं, काढल्यावर नाही. स्विचचाही फोटो घ्या, कोणत्या पोर्टात कोणती वायर हे दिसेल असा.

तिसरं, एक लॅपटॉप आणि खात्रीची चालू असलेली एक लहान लॅन केबल जवळ ठेवा. नुसत्या मोबाईलवर हे काम करायला जाऊ नका, कारण वायफाय बिघडलं की राऊटरपर्यंत पोचायचा रस्ताच बंद होतो.

थांबा: रीसेटचं बटण हा पहिला उपाय नाही, तो शेवटचासुद्धा क्वचितच असतो. रीसेट मारला की नेटवाल्याचं युजरनेम-पासवर्ड जातं, आणि रविवारी संध्याकाळी ते पासवर्ड द्यायला कुणी फोन उचलत नाही.

टप्पा १: आधी आकडा बघा

लोक इथंच चुकतात. "नेट चालत नाही" एवढंच बघतात आणि मशीनला कोणता पत्ता मिळालाय ते बघतच नाहीत, आणि खरं तर बिघाड कुठं आहे ते तो आकडाच सांगतो. विंडोजमध्ये सर्चमध्ये सीएमडी टाइप करून काळी विंडो उघडा, त्यात आयपीकॉन्फिग, मग एक स्पेस, मग स्लॅश ऑल (ipconfig /all) असं टाकून एंटर दाबा. मोबाईलवर वायफायच्या नावावर टॅप करून माहिती उघडली की तिथं दिसतं, आयफोनला नावाशेजारच्या निळ्या आय चिन्हावर.

आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल तर अर्थ असा की मशीननं पत्ता मागितला आणि कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतला. असा पत्ता दिसला तर विंडोज बिघडलं असं समजू नका, मशीन त्याचं काम बरोबर करतंय, उत्तर देणारा सापडत नाही. टप्पा २ पासून सुरू करा.

०.०.०.० किंवा रिकामं दिसलं तर तेच, फक्त मशीन अजून विचारतच बसलंय.

जुन्याच नेटवर्कचा आकडा दिसला, म्हणजे नवा राऊटर १९२.१६८.०.१ आहे आणि मशीन अजून १९२.१६८.१.३५ दाखवतंय, तर एकतर जुना पत्ता अजून सोडलेला नाही किंवा कुणीतरी हातानं टाकलाय. टप्पा २ आणि ४.

आकडा बरोबर दिसतोय पण गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राऊटरचा पत्ता) भलताच आहे, किंवा एकाच ऑफिसात दोन मशीनला दोन वेगळ्या मालिकांतले पत्ते मिळालेत, तर नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघं झालेत. सरळ टप्पा ५ वर जा.

आकडा, गेटवे दोन्ही बरोबर आणि तरी नेट नाही, तर तुमचा प्रश्न आयपी मिळण्याचा नाहीच, तो बाहेरच्या लाइनचा आहे, टप्पा ८.

तपासा: एक मशीन बघून निकाल देऊ नका. किमान तीन बघा, एक वायरवरचं, एक वायफायवरचं आणि एक असं की जे बदलाच्या आधी या नेटवर्कवर कधीच नव्हतं, पाहुण्याचा मोबाईलसुद्धा चालेल. नव्या मोबाईलला पत्ता मिळाला आणि जुन्या मशीनला नाही तर दोष मशीनकडं आहे. कुणालाच नाही तर राऊटर, स्विच किंवा वायर.

टप्पा २: क्रमानं बंद, क्रमानं चालू

बंद-चालू सगळेच करतात, पण सगळं एकदम करतात, एका बोर्डाचं बटण दाबून. तिथंच घोळ होतो. लाइट आल्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर लगेच उठतात आणि राऊटरला तयार व्हायला दोन मिनिटं लागतात, तोवर यांनी पत्ता मागून झालेला असतो. विंडोज दर ५ मिनिटांनी परत विचारतं त्यामुळं ते आपोआप सुधारतं, पण काही जुने प्रिंटर आणि हजेरीची अंगठ्याची मशीनं एकदा विचारतात आणि गप्प बसतात.

बरोबर क्रम असा: सगळं बंद करा. आधी नेटवाल्यानं दिलेली फायबरची डबी चालू करा, तिचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग राऊटर, पूर्ण दोन मिनिटं थांबा. मग स्विच. मग एकेक मशीन.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि राऊटर बदलल्यावर सगळ्यात जास्त हीच नडते. कॉम्प्युटरची वायर राऊटरला थेट नसून मध्ये साधा स्विच असेल तर तुम्ही राऊटर बदलला हे कॉम्प्युटरला कळतच नाही. त्याच्या दृष्टीनं स्विचकडची लाइन चालूच आहे, दिवा लागलेला आहे, मग तो जुनाच पत्ता धरून बसतो, मुदत संपेपर्यंत. राऊटर पत्ता कायमचा देत नाही, ठराविक मुदतीसाठी देतो, त्याला लीज म्हणतात, आणि मशीन निम्मी मुदत झाल्यावर ती वाढवून मागतं. लीज २४ तासांची असेल तर १२ तासांनी. म्हणजे सकाळी राऊटर बदलला तर तो कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत जुन्याच पत्त्यावर अडकलेला असू शकतो आणि तुम्ही नव्या राऊटरला नावं ठेवत बसता. उपाय सोपा आहे, त्या मशीनची लॅन वायर काढून दहा सेकंदांनी परत लावा, किंवा काळ्या विंडोत आयपीकॉन्फिग स्पेस स्लॅश रिलीज (ipconfig /release), आणि तो झाल्यावर आयपीकॉन्फिग स्पेस स्लॅश रिन्यू (ipconfig /renew).

थांबा: एनीडेस्कसारख्या दुरून चालवायच्या अ‍ॅपवरनं रिलीज मारू नका. कनेक्शन तुटतं आणि रिन्यू मारायला तिथं कुणीतरी माणूसच लागतो.

अजून एक, विंडोजमध्ये शटडाऊन करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं हे एक नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये बरंच काही जसंच्या तसं जपून ठेवलं जातं. रीस्टार्टच करा.

टप्पा ३: वायर आणि स्विच

वायरचं थोडक्यात सांगतो. पोर्टाचा दिवा लागत नसेल तर बाकी काहीही बघू नका, आधी खात्रीची केबल लावून बघा. क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला जॅक बसवणं, नवीन केलं असेल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा पाहिजे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पावसाळ्यात गच्चीवरनं नेलेल्या वायरीच्या टोकाला पाणी उतरतं आणि जॅकमधल्या पिना हिरव्या पडतात, अशा वेळी दिवा लागतो पण डेटा धड जात नाही.

लूप मात्र नीट समजून घ्या. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये साफसफाई करताना स्विचमधनं सुटलेली एक वायर दिसली म्हणून कामगारानं ती रिकाम्या पोर्टात लावली, चांगल्या मनानंच लावली, पण तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. दोन मिनिटांत सगळं नेटवर्क आडवं. पत्ता मागणारी हाक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारलेली असते, लूप झाला की ती हाक गोल गोल फिरत राहते आणि एवढी गर्दी होते की खरं उत्तर पोचतच नाही. ओळख अशी, स्विचचे सगळे दिवे एकाच तालात जोरजोरात लुकलुकतात. एकेक वायर काढत जा, ज्या वायरीला दिवे शांत होतील ती धरून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा.

एमआयडीसीतल्या कारखान्यात किंवा मोठ्या ऑफिसात सेटिंगवाला स्विच असतो, तिथं अजून तीन गोष्टी. एक, पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये आहे का, कारण पत्त्याची हाक एका व्हीलॅनमधनं दुसऱ्यात आपोआप जात नाही, त्यासाठी मध्ये रिले, म्हणजे हाक पलीकडं पोचवणारा, लावावा लागतो. दोन, डीएचसीपी स्नूपिंग चालू असेल तर स्विच फक्त भरवशाचा म्हणून नोंदवलेल्या पोर्टावरनं आलेलंच उत्तर पुढं सोडतो, आणि तुम्ही राऊटरची वायर १ नंबरातनं काढून ८ नंबरात लावली असेल तर सगळ्यांचं बंद. वायरी जशा होत्या तशा लावायच्या म्हणतो ते यासाठी. तीन, स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचमधली लूप अडवायची सोय, जुन्या पद्धतीनं चालू असेल तर पोर्ट लागल्यावर साधारण ३० सेकंद काहीच पुढं जात नाही, तेवढ्यात काही मशीनं विचारून थकतात. मशीन लावलेल्या पोर्टांना एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट (न थांबता लगेच चालू होणारं) करून द्या, पण दुसऱ्या स्विचकडं जाणाऱ्या पोर्टाला ते करू नका.

तपासा: आता खरी परीक्षा. लॅपटॉपला तात्पुरता हातानं पत्ता टाका, राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राऊटरचा. तो पत्ता आधी कुणाकडं नसल्याची खात्री करून घ्या. मग राऊटरला पिंग मारा, म्हणजे काळ्या विंडोत पिंग (ping), स्पेस, राऊटरचा पत्ता टाकून एंटर. उत्तर आलं तर वायर, स्विच, पोर्ट सगळं ठीक आहे, फक्त पत्ते वाटणारा नीट वाटत नाही. उत्तर नाही आलं तर तुम्ही अजून टप्पा ३ मध्येच आहात, पुढं जाऊ नका.

आणि परीक्षा झाली की तो पत्ता लगेच काढून परत ऑटोमॅटिकवर ठेवा. हे मी पोटतिडकीनं सांगतोय. हातानं टाकला, नेट चालू झालं, विषय संपला असं समजून लोक सोडून देतात, आणि चार महिन्यांनी पुढचा राऊटर येतो तेव्हा ते मशीन काही केल्या चालत नाही आणि कुणाला आठवतही नाही की पत्ता हातानं टाकलेला आहे.

टप्पा ४: मशीनमधली सेटिंग

विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं इथरनेट किंवा वायफायची प्रॉपर्टी, आणि आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक आहे का बघा. अँड्रॉइडला वायफायच्या नावात जाऊन आयपी सेटिंग डीएचसीपी आहे का, स्टॅटिक असेल तर बदला. आयफोनला कॉन्फिगर आयपी ऑटोमॅटिक, आणि तिथंच रिन्यू लीज आहे.

मोबाईल आयपीवर अडकलाय असं दाखवतो पण खरं अडकलेलं असतं पासवर्डावर किंवा सिक्युरिटीवर, हे पण होतं. नवा राऊटर डब्ल्यूपीए ३ या वायफायच्या नव्या सिक्युरिटीवर असेल आणि मोबाईल किंवा स्मार्ट प्लग जुना असेल तर तो पत्ता मागण्यापर्यंत पोचतच नाही. डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा, तरीही नसेल लागत तर नुसतं २. स्मार्ट प्लग, वायफाय कॅमेरे हे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर शोधू नका. वायफायचं नाव तेच ठेवून पासवर्ड बदलला असेल तर मोबाईलमध्ये ते नेटवर्क फर्गेट करून परत जोडा.

मॅक फिल्टर लावला असेल, म्हणजे मॅक पत्त्यावरनं (मशीनचा ओळख नंबर) ठराविक मशीननाच परवानगी दिली असेल, तर इकडं नीट लक्ष द्या. अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनला आयओएस १४ पासून म्हणजे २०२० पासून, मोबाईल आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक वायफायच्या नावाला वेगळा बनवलेला मॅक देतो. म्हणजे तुम्ही वायफायचं नाव बदललंत की राऊटरच्या दृष्टीनं घरातले सगळे मोबाईल नवीन झाले. जुन्या मॅकवर परवानगी दिली असेल किंवा पत्ता राखून ठेवला असेल तर तो सगळा हिशोब वाया. घरच्या नेटवर्कवर हवं तर मोबाईलमध्ये प्रायव्हेट अ‍ॅड्रेस बंद करा आणि खरा मॅक परत नोंदवा.

यातलं काहीच नसेल तर अँटिव्हायरसचं फायरवॉल आणि व्हीपीएन तात्पुरतं बंद करून बघा, आणि विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये डीएचसीपी क्लायंट चालू आहे याची खात्री करा.

टप्पा ५: एका नेटवर्कात दोन वाटपी

नेटवाला फायबरची डबी देतो, तिच्यातच वायफाय असतं, आणि रेंज पुरत नाही म्हणून आपण लक्ष्मीपुरीतनं दुसरा राऊटर आणतो. डबीच्या लॅनमधनं वायर काढून नव्या राऊटरच्या लॅनमध्ये लावतो. झालं, आता दोघंही पत्ते वाटतात.

मशीन पत्ता कसा घेतं बघा: ते सगळ्यांना हाक मारतं "मला पत्ता पाहिजे", वाटणारा म्हणतो "हा घे", मशीन म्हणतं "हाच घेतो", वाटणारा म्हणतो "दिला". वाटणारे दोघं असले तर ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता बहुतेक मशीनं घेतात. त्यामुळं सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, वडिलांच्या मोबाईलला आहे, आईच्या मोबाईलला नाही, असा लपंडाव चालू होतो, आणि हा बिघाड पकडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो कारण प्रत्येक वेळी वेगळं दिसतं.

ओळखायचं कसं? आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये "डीएचसीपी सर्व्हर" अशी ओळ असते. दोन-तीन मशीनवर ती बघा. वेगवेगळे पत्ते आले तर दोघं आहेत. पण दोन्ही राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर ओळ सारखीच दिसेल, म्हणून एकेक राऊटर बंद करून बघा. दोन्हींपैकी कोणताही बंद केला तरी पत्ता मिळत असेल तर पक्कं.

दुसऱ्या राऊटरनं फक्त वायफाय द्यायचंय, तर क्रम असा, आणि इथं क्रम उलटा झाला की स्वतःच्याच राऊटरच्या बाहेर अडकता:

१. नवा राऊटर मुख्य नेटवर्कपासून पूर्ण वेगळा ठेवा, फक्त लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टात.

२. त्याच्या मेनूत अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा, बाकीचं तो स्वतः करतो आणि खालच्या ३, ४ नंबरची गरज राहत नाही.

३. नसेल तर आधी त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य राऊटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचाच द्या. सेव्ह करा, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा.

४. आता त्याचा डीएचसीपी बंद करा. हे ३ च्या आधी केलंत आणि राऊटर रीस्टार्ट झाला तर लॅपटॉपला १६९.२५४ मिळेल आणि पान उघडणार नाही, मग हातानं पत्ता टाकून आत शिरावं लागतं.

५. वायफायचं नाव, पासवर्ड टाका. मग मुख्य राऊटरच्या लॅनमधनं याच्या लॅनमध्ये वायर. वॅनचं पोर्ट रिकामं. त्यावर टेप लावून ठेवा, नाहीतर उद्या कुणीतरी तिथं वायर खुपसणारच.

दुसरा राऊटर वॅन पोर्टातनंच जोडायचा असेल तर तेही चालतं, पण तेव्हा त्याच्या आतल्या नेटवर्कची मालिका वेगळी पाहिजे, समजा १९२.१६८.५.१. दोन्हीकडं १९२.१६८.१ ठेवलं तर राऊटरलाच कळत नाही की हा पत्ता आतला की बाहेरचा. आणि अशा जोडणीत वरच्या नेटवर्कवरनं खालचा प्रिंटर सापडणार नाही, हे आधीच लक्षात घ्या.

टप्पा ६: वाटायला पत्तेच उरले नाहीत

स्पर्धा परीक्षेची एक अभ्यासिका होती, चाळीसेक खुर्च्या, राऊटर नवा आणि चांगला महागाचा. सकाळी सगळ्यांना नेट, दुपारनंतर येणाऱ्या पोरांना नाही. मालकानं दोनदा राऊटर बदलून घेतला. बघितलं तर राऊटर १९२.१६८.१.१०० ते १४९ वाटत होता, म्हणजे ५० पत्ते, आणि लीज २४ तासांची. सकाळच्या बॅचला प्रत्येकी एक मोबाईल, निम्म्यांचे लॅपटॉप, ५० तिथंच संपले. ती पोरं जेवायला मेसवर गेली तरी त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर राहिले, मग दुपारच्या पोरांना द्यायला काय उरलं? राऊटर रीस्टार्ट केला की तेवढ्यापुरतं चालायचं, कारण बऱ्याच घरगुती राऊटरची ही यादी बंद केल्यावर पुसली जाते. पण त्यातनं दुसराच त्रास, यादी पुसल्यावर राऊटर एखाद्याला आधीच वापरात असलेला पत्ता देऊ शकतो आणि दोघांची टक्कर होते. रोजचा रीस्टार्ट हा उपाय नव्हे.

राऊटरच्या डीएचसीपी पानावर क्लायंटची यादी बघा, मोजा. वाटायच्या पत्त्यांइतकीच संख्या झाली असेल तर दोन गोष्टी करा. वाटायची मर्यादा वाढवा, ५० ते २५० केली तर २०१ पत्ते होतात. आणि लीज कमी करा. घरी २४ तास ठीक आहे, पण अभ्यासिका, हॉटेल, दवाखान्याच्या वेटिंग रूमसारख्या ठिकाणी एक-दोन तास पुरे. बऱ्याच राऊटरमध्ये ती मिनिटांत टाकायची असते, १४४० म्हणजे २४ तास, १२० म्हणजे दोन तास. पाच मिनिटं वगैरे टाकू नका, सगळी मशीनं सतत पत्ताच मागत बसतील.

वरचं बनावट मॅकचं प्रकरण इथंही येतं. नव्या आयफोनमध्ये, आयओएस १८ पासून, रोटेटिंग असा पर्याय आहे, तो मॅक अधूनमधून बदलत राहतो, म्हणजे एकच मोबाईल काळाच्या ओघात दोन-तीन पत्ते अडवतो. लीज कमी असली की हे आपोआप मोकळे होतात.

थांबा: मर्यादा वाढवताना ज्यांना हातानं पत्ते दिलेत ती मशीनं त्या मर्यादेच्या आत येत नाहीत ना बघा. डीव्हीआर १९२.१६८.१.१०८ वर बसलाय आणि तुम्ही ५० पासून वाटायला लागलात, तर एक दिवस तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाईलला मिळणार.

टप्पा ७: हातानं पत्ता दिलेली मशीनं

डीव्हीआर, कॅमेरे, प्रिंटर, हजेरीचं मशीन. राऊटर बदलल्यावर बाकी सगळं चालू होतं आणि हीच राहतात, कारण ती पत्ता मागतच नाहीत, त्यांना जुन्या मालिकेतला दिलेला असतो. गुजरीतल्या दुकानदारांना तर कॅमेरा एक तास बंद राहिलेलासुद्धा परवडत नाही, म्हणून तिथं मी सरळ उलटं करतो, मशीनं बदलत बसण्यापेक्षा नव्या राऊटरचा लॅन पत्ता जुन्या राऊटरसारखाच करून टाकतो. जुना १९२.१६८.१.१ होता ना, नव्याला तोच द्या, रीस्टार्ट करा, बहुतेक सगळं जागच्या जागी उठतं. सुरुवातीला फोटो काढायला सांगितलं ते यासाठी.

ते जमत नसेल तर लॅपटॉपला तात्पुरता जुन्या मालिकेतला पत्ता टाका, मशीनच्या पानावर शिरा आणि तिथं ऑटोमॅटिक करा. मशीनचा पत्ताच माहीत नसेल तर हिकव्हिजनचे कॅमेरे नवेकोरे असताना १९२.१६८.१.६४ वर आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर असतात, तिथनं शोधायला सुरुवात करा. मग राऊटरमध्ये त्या मशीनच्या मॅकवर पत्ता राखून ठेवा. पत्ता कायम एकच राहतो आणि हिशोब सगळा राऊटरकडं एका जागी राहतो, पुढच्या बदलाला मशीनला हात लावावा लागत नाही.

टप्पा ८: राऊटरलाच बाहेरून पत्ता नाही

घरात सगळ्यांना १९२.१६८ चे पत्ते मिळालेत, पण राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी ०.०.०.०. आधी फायबरच्या डबीवर एलओएसचा लाल दिवा आहे का बघा, असेल तर लाइनच तुटली आहे, तुमच्या हातात काही नाही, तक्रार द्या.

दिवा ठीक असेल तर कनेक्शनचा प्रकार जुळवा. पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड लागतो, डायनॅमिक असेल तर लागत नाही, आणि काही ठिकाणी व्हीलॅन आयडी टाकल्याशिवाय काहीच होत नाही. सगळं जुळूनही नसेल तर नेटवाल्यानं जुन्या राऊटरचा मॅक बांधून ठेवलेला असतो. त्याला फोन करून "मॅक रिलीज करा" एवढं सांगा, किंवा नव्या राऊटरमध्ये मॅक क्लोनमध्ये जुन्याच्या वॅनचा मॅक टाका. हा मॅक जुन्या राऊटरच्या स्टेटस पानावर मिळतो. स्टिकरवर असतो तो कधी कधी लॅनचा असतो आणि एका आकड्यानं वेगळा.

वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यातला दिसला तर तो बिघाड नाही. बरेच नेटवाले अनेक गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागं ठेवतात, तो त्यातला आहे. फक्त बाहेरून डीव्हीआर थेट पोर्ट उघडून बघता येणार नाही, कंपनीच्या अ‍ॅपमधनं बघावं लागेल.

सगळं चालू झाल्यावर

सगळं एकदा परत क्रमानं बंद-चालू करा, तुम्ही तिथं असतानाच. हातानं काहीही न करता सगळ्यांना पत्ता मिळाला पाहिजे. मग निम्मी लीज उलटून गेल्यावर परत एकदा बघा किंवा फोन करून विचारा, कारण मुदत नीट वाढवून मिळतेय का ते तेव्हाच कळतं.

प्रिंटरला नवा पत्ता मिळाला असेल तर कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं पोर्ट मात्र जुन्याच पत्त्याकडं बघत असतं, म्हणून प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दाखवतो. प्रिंटर प्रॉपर्टीमध्ये पोर्ट्समध्ये जाऊन नवा पत्ता टाका. असे किती कॉम्प्युटर आहेत ते मोजून प्रत्येकावर करा, मालकांच्या केबिनमधला विसरतोच. टॅलीसारखं काही मुख्य कॉम्प्युटरच्या आकड्यावर जोडलेलं असेल तर तिथंही बदला. आणि राऊटरच्या खाली एक कागद चिकटवा: राऊटरचा पत्ता, वाटायची मर्यादा, राखून ठेवलेली मशीनं, दुसरा राऊटर कुठं आहे आणि त्याचा डीएचसीपी बंद आहे, तारीख.